उलट बाजू

एकतीस वर्षं मी कापड तपासलं,
वूचच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीशी.
उजेडाच्या काचेवरून ताका सरकत जायचा
आणि माझ्या हातात खडू.
गाठ. तेलाचा डाग. तुटलेला उभा धागा.
खूण केली की माझं काम संपलं.
असं का झालं, हे विचारायची मला मुभा नव्हती.
खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

जानेवारीत माझी बहीण लेओकादिया गेली.
एप्रिलात तिच्या बागेची किल्ली माझ्याकडे आली.
रेल्वेरुळांच्या मागे, ओळीतला सतरावा तुकडा:
फळ्यांची खोली, दोन गुलाब,
टोमॅटोच्या काठ्या,
आणि रबरी नळी, जिचा पीळ
थेट लेओकादियाच्या स्वभावासारखा.

जूनमध्ये टोमॅटो पिवळा पडू लागला.
मी पाणी घातलं.
आणखी पिवळा पडला. आणखी घातलं.
तहानेचा आणि बुडण्याचा रंग
एकच असू शकतो,
हे गिरणीत कोणी शिकवलं नव्हतं.

कुंपणापलीकडून बोनिफात्सी म्हणाला
(ट्राम चालवायचा, अजून थांबत थांबत बोलतो):
"आधी बोट घाला. मातीत. दुसऱ्या पेरापर्यंत."
घातलं.
चिखल.

मग त्याने मला पिवळ्याचे प्रकार दाखवले.
शिरा हिरव्या आणि मधलं अंग पिवळं,
हे जुन्या पानांवर असेल तर एक उणीव,
कोवळ्या शेंड्यावर असेल तर दुसरी.
रंग नाही, म्हणाला, जागा बघा.
"आणि हे? अगदी तळाचं, मातीला टेकलेलं?"
"ते?" त्याने पाइप विझवला,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"वय."

काकडीच्या पानावर वरून नुसती धूळ दिसत होती.
पुसली, जाईना.
पान उलटलं,
तर शिरेच्या कुशीत कोणीतरी सूत कातून ठेवलेलं,
इतकं तलम
की आमच्या गिरणीत त्याला नंबरच नव्हता,
आणि त्यावर चालणारे लाल ठिपके.
कापडाची उलट बाजू आधी बघावी,
हे मी नव्या पोरींना घोकून घ्यायला लावायचे.
पान उलटायला मला
अख्खा जून लागला.

जुलैच्या पहिल्या रविवारी
गुलाबाच्या पानांच्या कडा कातरलेल्या.
अर्धगोल, साफ,
बाटलीचं झाकण ठेवून आखल्यासारख्या.
एका फांदीवर अकरा. मी मोजल्या, सवयीने.
आता मात्र शंकाच नको. फवारा भरला.
बोनिफात्सी कुंपणापाशी आला.
"थांबा," म्हणाला. "बसा."

पालथ्या बादल्यांवर आम्ही पाऊण तास बसलो.
दोन मालगाड्या गेल्या.
मग ती आली, करड्या अंगाची, मधमाशीच,
पानाच्या कडेवर पाय रोवले,
आणि गरकन फिरत
तुकडा कापला,
गुंडाळून पोटाशी धरला
आणि उडाली, माझ्याच खोलीच्या फळीतल्या
एका भोकात.
"पोरांना दुपट्यात गुंडाळते," तो म्हणाला.
कटिंगच्या टेबलावरची गेर्त्रुदा,
जिच्या हाताला आम्ही सगळ्या वचकून असायचो,
तीही खडूशिवाय
अशी कात्री चालवू शकली नसती.

फवारा मी कोपऱ्यात ठेवला.

पण दुसऱ्या गुलाबावरचे काळे डाग
खरोखरच डाग होते,
कडा पिसारलेल्या, भोवती पिवळं वलय.
ती पानं मी एकेक तोडली, गळलेली वेचली,
पिशवीचं तोंड बांधलं,
खताच्या ढिगापासून लांब ठेवली.
उद्या नवीन येतील डाग. बोनिफात्सी म्हणतो,
पावसाळी वर्ष आहे, येणारच.

घरी हात धुतले.
टोमॅटोचा हिरवट काळा रंग
नखांच्या कडांत बसलेला. साबण झाला, मीठ झालं.
मग दिव्याखाली
हात उलटे केले, सुलटे केले,
आणि जेवायला बसले.